आमटीच्या पातेल्यासाठी गाडी

गुरुवार संध्याकाळ, कोपर

कोलशेतला जाऊन जुनी व्हॅन घेतलीच. मागचं दार दोनदा आपटावं लागतं, तेवढं खटकतंय. पण रविवारी खडवलीला साखरपुड्याच्या जेवणाची ऑर्डर पोचवायचीय आणि टेम्पोवाल्याने आयत्या वेळी हात वर केलेत. पैसे देण्याआधी मी मोठं पातेलं पाण्याने भरून गाडीत ठेवलं, लेकाला म्हटलं, चालव.

मालक हसला, "काकू, गाडी घेताय की टँकर?"

"आमटी सांडली तर तुम्ही येणार का वाढायला?"

पहिल्याच गतिरोधकावर अर्धं पाणी बाहेर. "अगं आई, डबडं आहे हे!" लेक ओरडला. मग मी पातेलं पुन्हा भरलं आणि मालकाला चालवायला बसवलं. त्याच गतिरोधकावर थेंबही सांडला नाही!

दाराचं काय, होईल दुरुस्त. लेकाला मात्र उद्या सकाळी पातेलं भरून पुन्हा बसवते.