उजव्या कानापुरते साउंड कार्ड

खट्.

टेपरेकॉर्डरचे बटण दाबल्याचा हा आवाज. त्यामागून माझी ही घसा खाकरते, फूटपट्टीने टेबलावर ताल धरते आणि उद्या चौथीच्या वर्गाला शिकवायची कविता म्हणू लागते. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकीलबाईंनी बजावले आहे. पण माझ्या मालकीचे मोलाचे जे आहे ते हेच, म्हणून ते आधी.

मी, व्यवसायाने पुस्तकबांधणीवाला, वय वर्षे त्र्याहत्तर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे, कान नाहीत. दबाव कोणाचाही नाही. भीती आहे, पण ती माझी स्वतःची. उद्या सकाळी डाव्या कानामागची गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काका, डावा कान जाणारच. उजवा आधीच थकलाय, तो किती साथ देईल सांगता येत नाही." जिवाचे विचारले, तर ते कागद चाळू लागले.

१. राहते घर मुलीला. पुढच्या खोलीतले कपाट जावयाने हलवू नये. त्यामागची ओल मी बारा वर्षे लपवली आहे.

२. दवाखान्याचे भागवून बँकेत उरेल ते तिचेच.

३. दाभण, कात्र्या आणि दाबयंत्र शाळेच्या ग्रंथपालबाईंना. त्यांची कवितांची पुस्तके बांधायला आणून मी आधी वाचत बसायचो. चिकटवायची लेई नासली, हे उशिराचे कारण दरवेळी खोटे होते.

४. संगणक मुलीला, साउंड कार्ड माझ्या मित्राला. तो रेडिओ दुरुस्त करतो, सगळे त्याला खटपट्या म्हणतात.

या कार्डाविषयी थोडे लिहिणे भाग आहे. ही गेली त्याला नऊ वर्षे झाली. तिच्या आवाजाची कॅसेट एकच. मुलीने ती संगणकात उतरवून दिली, पण अलीकडे काहीही लावले की मागे बारीक गुणगुण यायची. खटपट्या म्हणाला, "डब्यातल्या पंख्याची कुरकुर मिसळत असेल. बाहेरून जोडायचं छोटं कार्ड घे. आणि महागाच्या नादी लागू नकोस. तुझी कॅसेट काय दरबारात वाजवायचीय?"

सर्वांत स्वस्त घेतले. गुणगुण तशीच. परत केले, जरा बरे घेतले. तेच. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने मला बघूनच हात जोडले. हे तिसरे, काडेपेटीएवढे, काळे. जोडले, हेडफोन लावले. गुणगुण होतीच. रागाने वायर उपटली, संगणक बंद केला, हेडफोन काढून ठेवले.

गुणगुण चालूच होती.

ती कार्डात नव्हती, माझ्या डोक्यात होती. खटपट्याने हेच कार्ड लावून ऐकले. "काचेसारखा आवाज आहे रे," म्हणाला, आणि माझ्याकडे बघेना.

त्या दुकानदाराची मी इथे लेखी माफी मागतो. स्वस्तातले कार्ड निवडणाऱ्याने आधी सगळे बंद करून शांतता ऐकावी. खटपट्यासाठी अट एकच: महिन्यातून एकदा ते मुलीकडच्या संगणकाला जोडून त्याने ही कविता लावावी. मी असलो आणि मला ऐकू येत नसले, तरीही लावावी.

५. धाकट्या भावाला काही नाही, सुतळीचा तोडाही नाही. त्याने त्या कॅसेटवर फुटबॉलच्या सामन्याचे वर्णन टेप केले. कविता अर्ध्यात तुटते, खट्, आणि कोणी तरी गोल झाला म्हणून ओरडतो. "वहिनी आहे की, पुन्हा म्हणून घेऊ," असे म्हणाला होता. वहिनी पुढच्याच महिन्यात गेली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. पुढच्या ओळी मला पाठ आहेत, पण तिच्या आवाजात नाहीत. भूल देताना आकडे मोजायला लावतात म्हणे. मी कविताच म्हणेन. ती जिथे तुटते तिथे माझे काय होईल, याची मला फार भीती वाटते.

६. साक्षीदार दोन हवेत, आणि वकीलबाई म्हणतात, ज्याला यातून काही मिळते त्याने सही करू नये. मी ओळखीच्या प्रत्येकाला काही ना काही देऊन बसलो. उरला खालच्या मजल्यावरचा शिंपी. तो समोर बसला आहे. दुसरा कुठून आणू, कळत नाही.

इथवर लिहिले आणि शिंप्याने हाताने खुणावले. दार वाजत होते, मला ऐकूच आले नव्हते. उघडले तर दारात धाकटा. डोके पार पांढरे झालेले. मुलीनेच कळवले असणार.

मी म्हणालो, "तुला यात काही ठेवलेलं नाही."

"माहीत आहे."

"मग साक्षीला चालशील. ये."

त्याने खुर्ची उचलली, माझ्या डावीकडे आणली आणि घुटमळला. मग वाकून, मोठ्याने, शाळेतल्यासारखे एकेक अक्षर सुटे करत म्हणाला, "दादा, कुठल्या कानाशी बसू?"

लिहून देणार: (सही)
साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही)
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, उजवीकडे बसून (सही)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी चार