रावसाहेबांची साखर

लोणावळा, ५ नोव्हेंबर १९३८
आमचे बोकोबा रावसाहेब पाणी पिऊन पिऊन ओटीवर मुततात आणि तिथं मुंग्या लागतात. घोड्यांच्या डॉक्टरना दाखवलं. म्हणाले, "मधुमेह." मी म्हटलं, "बोक्याला?" तर म्हणे, "मग काय तुम्हाला?" रोज सकाळी सातला इन्शुलिन टोचायचं, लगेच खायला घालायचं. न खाता राहिला तर साखर उतरून पडेल. पडलाच तर काहीतरी गोड चाटवा, नाहीतर जाईल.

६ नोव्हें.
कुरवंड्याच्या दूधवाल्या सखूमावशी ऐकून हसत सुटल्या. "ह्यो बड्या लोकांचा रोग. रावसाहेब नाव ठिवलं, मंग हुनारच की."

७ नोव्हें.
पहिली सुई माझ्या अंगठ्यात. दुसरी बरोबर जागी. नंतर उकडलेली मांदेली मात्र चाटूनपुसून. मुंबईहून गाडीचा गार्ड आणून देतो.

९ नोव्हें.
आज स्टेशनात दोन पार्सलांवर भलतीच लेबलं लावली. सारखं वाटतं, घरी जावं नि हा नसावा. दहा वर्षांचा सोबती आहे. हापिसात सांगायची सोय नाही. हसतील.

११ नोव्हें.
आमची ही सत्यनारायण बोलली. मी म्हटलं, "बोक्यासाठी?" "तुमच्या परीक्षेसाठी बोलले होते, तेव्हा विचारलंत?" भटजींना सांगून आलो.

१३ नोव्हें.
मला साडेदहाची ड्यूटी, म्हणून पूजेला भटजी सकाळीच. सवयीनं सातला टोचून मोकळा झालो. मग मांदेली शोधतो तर हिनं कालच शेजारी देऊन टाकलेली. "पूजेच्या घरात मासळी?" बरं, दूध? "नैवेद्याआधी?" तेवढ्यात भटजींनी पाटावर बसवलं. मीही मुकाट बसलो, गाढवासारखा. तिसऱ्या अध्यायात रावसाहेब झोकांड्या खात आले आणि चौरंगापाशी आडवे झाले. मी उठेपर्यंत हिनं नैवेद्याच्या शिऱ्यात बोटं घातली आणि त्याच्या तोंडात लावली. भटजी पोथी धरून बघतच राहिले. ही म्हणाली, "तुम्ही वाचा."
पाचवा अध्याय संपता संपता उठून बसले. मी रडलो. ड्यूटीला उशीर.

१४ नोव्हें.
हिनं कालपासून अन्न घेतलेलं नाही. देवाआधी बोक्यानं खाल्लं, आता कोप होईल म्हणते. मी म्हटलं, "देवानं पाहिलंय काय झालं ते." पटलेलं दिसत नाही. ही भटजींना विचारायला जाणार आहे.
डॉक्टरांनी काल संध्याकाळी डोस निम्मा केला. सातला टोचलं. गार्डनं रात्री आणलेली मांदेली पुढं केली. हुंगली आणि पाठ फिरवून बसले.
ही म्हणाली, "रागावलेत."
मी विचारलं, "देव की हे?"
सात वाजून दहा मिनिटं झालीत. साखरेचा डबा मध्ये ठेवून दोघं फरशीवर बसलोय.