गलबतवाला पेन

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. शिरसाष्टांग घालायला आता गुडघे परवानगी देत नाहीत, तेव्हा उभ्यानंच केलेला गोड मानून घे. इकडे सगळं ठीक आहे. तुझे मेहुणे म्हणतात, कपाटातून त्यांचे शर्ट हद्दपार झाले आणि माझे पेन राहायला आले. खोटं नाही ते.

वहिनी म्हणाली, तू फोन उचलत नाहीस, पण पत्र आलं तर वाचशील. म्हणून हा खटाटोप. शिवाय फोनवर सांगताना मी मध्येच रडले असते आणि तू म्हणाला असतास, "आधी नाक पूस."

तर ऐक. तुझ्या बहिणीनं आज एका माणसावरचा डाग पुसला. जरा मिरवते, मिरवू दे.

जुन्या फाउंटन पेनांमध्ये एक गलबतवाला पेन असतो. क्लिपवर शिडाचं छोटं गलबत ठोकलेलं, अंग काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं. टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेली बारीक बुची असते. टोपण लावलं की ती निबच्या तोंडाशी घट्ट बसते आणि शाई खिशात गळत नाही. अशीच बुची एका मोठ्या कंपनीच्या पेनातही होती. कंपनीनं ओरड केली की गलबतवाला बनवणाऱ्या कारागिरानं आमची नक्कल केली. दुकानदारांनी माल परत पाठवला, कारखाना बसला. आमच्या संग्राहक मंडळाच्या सूचीतही त्याच्या नावापुढे एकच शब्द होता: नक्कल.

मला ते पटत नव्हतं. नक्कल करणारा माणूस टोपणाच्या आतली बाजू, जी कुणी बघणार नाही, ती आरशासारखी घासून ठेवील का? मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं आहे. पण मनावर सूची बनत नाही."

मला चीड आली. मग हात धुऊन मागेच लागले.

लेथवाल्यांच्या गल्लीत दुकानादुकानातून विचारत फिरले. एका म्हाताऱ्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं आणि म्हणाला, "गलबतवाल्यांची मुलगी आहे अजून. दवाखान्यात सिस्टर होती." पत्ता काढत गेले. दार फटीपुरतं उघडलं.

"पेनाबद्दल असेल तर नको," आतून आवाज आला.

"पेनाबद्दलच आहे. पण तुमच्या वडिलांनी नक्कल केली असं मला वाटत नाही, एवढंच सांगायला आले."

दार तसंच राहिलं. मग साखळी निघाली.

सिस्टरांचं वय ऐंशीच्या पुढे, पाठ मात्र ताठ. म्हणाल्या, "बाबांनी हत्यारं विकली. घरात एक पेन ठेवला नाही. बाजारात जायचे बंद झाले. चार माणसं दिसली की गल्ली बदलायचे. आईला म्हणायचे, मी सांगितलं तर कोण ऐकणार? शेवटी आमच्याशीसुद्धा बोलेनासे झाले."

दादा, ते ऐकताना माझा चहा गार झाला.

त्यानंतर भंगारवाल्याकडच्या मोडक्या पेनांच्या ढिगात मला एक गलबतवाला मिळाला. टोपण अडकून बसलेलं. पाण्यात घातलं असतं तर एबोनाइट तपकिरी पडलं असतं, म्हणून नुसती ऊब देत, रबराच्या पट्टीनं धरून, हलक्या हातानं फिरवत बसले. कुरकुरत सुटलं. बुची आत शाबूत! दांडीवर झिजलेली अक्षरं होती. दिवा आडवा धरल्यावर ती दिसली: एका शाळेचं नाव, मुख्याध्यापकांना निवृत्तीची भेट आणि साल. मोठ्या कंपनीचा पहिला तसा पेन निघाला, त्याच्या चांगली तीन वर्षं आधीचं!

शाळेत गेले. कार्यालयाच्या भिंतीवर निरोपाचा फोटो होता, खाली तेच साल रंगवलेलं. मुख्याध्यापकांच्या खिशाला पेन. भिंग लावलं, तर क्लिपवर गलबत.

आज सकाळी सिस्टरांना सोबत नेऊन मंडळाच्या बैठकीत हे सगळं मांडलं. डॉक्टर म्हणाले, "बुची नंतर बसवली असेल." मी पेन त्यांच्याच हातात दिला. त्यांनी आपला कामाचा चष्मा लावला, टोपण उलटसुलट केलं, आत बारीक आरसा घातला. टोपण एकसंध होतं. बुची आत घालूनच वरचं तोंड कायमचं बंद केलेलं.

"नंतर नाही बसवता येणार," ते म्हणाले. मग उठून मागच्या खुर्चीवर बसलेल्या सिस्टरांपाशी गेले. "आमच्या सूचीत चूक होती. तुमच्या वडिलांचं काम पहिलं." तिथल्या तिथे तो शब्द खोडला आणि लिहिलं: मूळ.

सिस्टर रडल्या नाहीत. पेन मागितला, शाई भरायला लावली आणि कागदावर वडिलांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या वडिलांसकट. म्हणाल्या, "हे त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं."

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून लगेच लिहायला बसले.

तू कसा आहेस, हे मी अजून विचारलं नाही. मुद्दामच. परीक्षेचा पेपर फुटला, बोट तुझ्याकडे दाखवलं गेलं, चौकशीत काही निघालं नाही, तरी लोकांच्या तोंडून ते जात नाही. वहिनी सांगते, तू खिडकीसुद्धा उघडत नाहीस. तू गल्ली बदलणारा माणूस नाहीस रे. ज्यानं वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही गणित आवडायला लावलं, त्या मास्तरची मी बहीण आहे, असं मी आजही छाती फुगवून सांगते. आज बैठकीतही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

शनिवारी येतेय. दार फटीपुरतं उघडलंस तरी चालेल, बाकीचं मी ढकलीन. मग आपण दोघं बाजारातून चालत जाऊ, मधल्या रस्त्यानं. कुणी काही बोललं तर उत्तर मी देईन. तुला ठाऊक आहे माझं तोंड.

तुझ्यावर एक दिवसही शंका न घेतलेली,
तुझी धाकटी