बोलका डबा

पालम,
बुधवार

प्रिय सिद्धोधन,

आधी 'मालक' असं लिहिलं होतं, मग खोडलं. तो शब्द वाचून तू खुलतोस, आणि तुला खुलवायला मी हे पत्र लिहायला बसलेलो नाही. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू 'गाडीवर हाय, मागून लावतो' म्हणतोस आणि तुझ्यामागं टीव्हीवरची मालिका रडत असते. पत्राला तसं सांगता येत नाही. ते घरात येऊन बसतं, सोयऱ्यासारखं.

इकडं सगळं ठीक. चांगुणा बरी आहे. तिचं म्हणणं, लग्नसराईत नवरा घरी बसलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला, आणि हे काही फार बघण्यासारखं दृश्य नाही. दुपारी मी ओट्यावर बसतो. लांबून कुणाचा तरी परण्या वाजत येतो, नवरदेव विहाराकडं नाहीतर मारुतीकडं निघालेला असतो, आणि माझी जीभ आपोआप हलायला लागते: 'मंडळी, नाचणाऱ्यांना जागा द्या, म्हातारे कडेला व्हा, म्हाताऱ्या मधी या!' शेजारची सरजाबाई परवा म्हणाली, "आश्रुबा, एकटाच काय बोलायलास रे? दवाखान्यात दाखव." मी म्हटलं, "दाखवलं. डॉक्टर म्हणला, ह्याचा माइक काढून घेतलाय, दुसरं काही न्हाई."

बसल्या बसल्या तुझे आबा आठवतात. आपण बँड काढायचं ठरवलं तेव्हा एक जुना ट्रम्पेट, एक ढोल आणि माझं तोंड, एवढंच आपलं भांडवल. आबा विहाराच्या पायरीवरून कडाडले होते, "छपन सालापासून आमी हलगी खाली ठेवली. लोकाच्या दारात वाजवायचं अन् ते टाकतील ते पदरात घ्यायचं, हे सोडायला आमाला किती शिव्या खाव्या लागल्या. अन् तुमी पोरं पुन्हा तेच करायलाव?" मी गप्प झालो. माझ्या बाबतीत ही बातमीच. तू मात्र पुढं झालास. म्हणालास, "आबा, दारात न्हाई, सुपारी घेऊन जायलोत. आधी दर ठरवणार, बयाणा घेणार, मग तोंडाला ट्रम्पेट लावणार. टाकतील ते न्हाई, ठरलं ते घेणार." आबा तुझ्या विटक्या सदऱ्याकडं बघत म्हणाले, "मग ड्रेस तरी चांगला शिवा." त्या एका वाक्यावर आपला नवकिरण ब्रास बँड उभा राहिला. त्यानंतर तू इतकं चांगलं भाषण कधी केलं नाहीस. आणि आता तर तू रोज भाषण करतोस.

ठरलं काय होतं, ते पुन्हा लिहितो, कारण तुझी स्मरणशक्ती बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली आहे. सुपारी गाडीच्या, डिझेलच्या, ड्रेसच्या मालकाची. वाजवणाऱ्याला त्यातून दिवसाचा रोज. तो रोज मुद्दाम कमी, कारण नवरदेवावरून ओवाळलेली प्रत्येक नोट वाजवणाऱ्यांची. नवीन माणूस घेताना तूच सांगायचास, "रोज कमी हाय, पण ओवाळणी तुमची. तितं मालक म्हणून मी हात लावणार न्हाई." आणि नाही लावलास. परण्या संपला की गाडीच्या आडोशाला ढोल आडवा करायचा, त्यावर तुझी सोनेरी झालरीची टोपी उलटी ठेवायची, सगळ्या नोटा तिच्यात, आणि सारखे वाटे. तूही ट्रम्पेट वाजवायचास म्हणून तुलाही एक वाटा, ढोलवाल्या पप्पूएवढाच. धम्मानंदचा क्लॅरिनेट आणि माझं तोंड, दोघांचाही भाव एकच. एवढी समता मी नंतर व्याख्यानांत ऐकली, पाहिली मात्र तुझ्या टोपीत.

आणि ती ओवाळणी काढायची युक्ती! ती तुझीच. मी माइकवर होतो एवढंच. पोखर्णीचे दिनकरराव आठव. हात पाठीमागं बांधून, चेहरा मोजणीला आलेल्या साहेबासारखा करून परण्यात चालले होते. तू ट्रम्पेट ओठाला लावलेलाच ठेवून डोळा मारलास आणि मी पुकारलं, "मुलाचे मामा, दिलदार दिनकरराव यांच्याकडून नवरदेवाला पाचशे एक!" बिचाऱ्यानं अजून खिशाकडं बघितलंही नव्हतं. पण बाया वळल्या, सोयरे वळले, पप्पूनं ढोलावर एक दणका दिला. मग काय करतो? काढले. पुढं मिशीतल्या मिशीत हसलेही. तू म्हणाला होतास, माणूस रिकाम्या हातानं घरी जाईल, पण भर मांडवात पुकारलेलं नाव खाली पडू देणार नाही. आपल्या सगळ्या जिल्ह्यात एवढा एक कायदा न चुकता पाळला जातो.

मग फोनवरचे पैसे आले. लोकांच्या खिशात नोटा राहिल्या नाहीत, हे मला मान्य. ढोलावर चौकोनी चिठ्ठी चिकटवावी लागणार, हेही मान्य. चिठ्ठी तुझ्या खात्याची होती, तेव्हाही आम्ही काही बोललो नाही, कारण 'महिन्याच्या शेवटी वाटून देतो' म्हणालास. महिन्याचा शेवट आला आणि गेला. आता तुझा पुढचा पराक्रम. स्कॅन करणाऱ्याला मजा येईना. मोबाइल दाखवला, टिक झाली, संपलं. कुणी वळेना, कुणी टाळी देईना. म्हणून तू तो किराणा दुकानातला बोलका डबा आणलास, गाडीवर ठेवलास, माझ्या हातातला माइक घेतलास आणि त्या डब्याच्या तोंडाशी सुतळीनं बांधलास. "आता बघ," म्हणालास.

बघितलं. ऐकलंही. चार भोंग्यांतून एक बाई थंड आवाजात सांगायला लागली, 'एकशे एक रुपये प्राप्त झाले. पाचशे रुपये प्राप्त झाले.' कुणी दिले, ते तिला माहीत नाही. नवरदेवाचा मामा की मावसा, तिला काय! पण मित्रा, इतका हुशार होऊन तू एक गोष्ट विसरलास. ते भोंगे वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर होते. धम्मानंदचे गाल फुगलेले, पप्पूचे हात ढोलावर, आणि त्यांचीच ओवाळणी त्यांच्याच कानावर आदळत तुझ्या खिशात चाललेली. जगात कुठल्या मालकानं नोकरांचे पैसे खाताना भोंगा लावला असेल? तू लावलास. धम्मानंद एका कडव्यात चुकला. तो चुकत नाही, तुला माहीत आहे.

पुढचं तुला ठाऊकच आहे, पण तू ते सगळीकडं वेगळं सांगतोस म्हणून लिहितो. पोरं तुझ्या घरी आली. तू सतरंजी टाकलीस, चहा दिलास, चांगला दिलास. मग म्हणालास, "आपण एका विहारातले, एक कुटुंब. चौदा एप्रिलला आपण फुकट वाजवतो, तवा कुणी हिशेब मागतं का?" पप्पू म्हणाला, "दादा, तितं तुमीबी फुकट वाजवताव की." यावर तू चहात बिस्किट बुडवलंस. ते तुटून आत पडलं, ते काढण्यात तुझा बराच वेळ गेला. मग तुला आबा आठवले. म्हणालास, ओवाळणी म्हणजे शेवटी भीकच, आबांनी हलगी कशासाठी खाली ठेवली, तुम्हाला हक्काचा रोज मिळतो तर टाकलेल्या पैशावर डोळा कशाला? सिद्धोधन, आबांचं नाव घेऊन आमचा वाटा दाबलेला मी त्या दिवशी पाहिला. भीक आहे तर ती आमच्या नावावर सोड ना! रोज वाढवलास का? नाही. भीक मात्र खात्यावर घेतलीस.

मी तेव्हा भांडलो नाही, कारण तू मला समजूत काढायला मधे बसवलं होतंस. माझा शब्द दोन्हीकडं चालतो म्हणून. मी एवढंच म्हटलं, की डबा वाजवणाऱ्यांच्या नावावर कर नाहीतर रोज दुप्पट कर, दोन्हीतलं एक निवड, विषय संपतो. तू माझ्याकडं बघितलंस आणि हसत हसत सगळ्यांसमोर म्हणालास, "आश्रुबा, तुझी तर आता गरजच काय? डबा बोलायलाय की." पोरं खाली बघायला लागली. मीही हसलो. तोंडाचा धंदा करणाऱ्या माणसाला वेळेवर हसता यावंच लागतं.

नंतर आम्ही सगळ्यांनी वाजवणं बंद केलं आणि परभणीला कामगार कचेरीत जाऊन आलो. साहेब भला माणूस. त्यानं विचारलं, तुम्ही यांच्याकडं कामाला होता, हे कशावरून? पप्पूनं पाठ फिरवून ड्रेसवरचं जरीचं 'नवकिरण' दाखवलं. साहेब म्हणाला, तोंडी ठरलेलंही ठरलेलंच असतं, पण आकडे कुणी ऐकलेत का? धम्मानंद म्हणाला, "साहेब, ज्या गावात वाजवलं त्या आख्ख्या गावानं ऐकलेत." साहेब पोट धरून हसला आणि म्हणाला, अर्ज करा, पण आधी एकदा घरात मिटतं का बघा. म्हणजे फिरून तुझ्याच सतरंजीवर.

तोवर तू बाहेरून वाजवणारे आणले होतेस. परवा मी त्यांना ऐकलं. पोरं गरीब आहेत, त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार नाही. आमच्याहून कमी रोजावर आलीत आणि ओवाळणी नावाची काही गोष्ट असते, हे त्यांना तू सांगितलेलंच नाही. परण्या चालला होता, सूर बरा होता, पण कुणी नाचत नव्हतं. डबा आकडे सांगत होता आणि लोक बाजारात उभे असल्यासारखे ऐकत होते.

आता कामाचं. काल साक्षीचा फोन आला होता. तुला माहीत नसावं. म्हणाली, "काका, रविवारी लग्न हाय अन् तुमी अजून आला न्हाईत. पप्पा म्हणतेत तुमी रुसलाव." तुझ्या लेकीचं लग्न आणि मी रुसलोय, असं सांगितलंस तू तिला. कशावरून रुसलो, ते सांगितलं नाहीस, एवढी लाज शिल्लक आहे हे ऐकून बरं वाटलं. ती म्हणाली, "मला ती बाहेरची पोरं नकोत. धम्मानंदकाका, पप्पूकाका वाजवणार, अन् तुमी माइकवर. न्हाईतर मी विहारापर्यंत मुक्यानं चालत जाईन." बारशाला तिचं नाव भोंग्यावरून मीच पुकारलं होतं. मी 'येतो' म्हणालो. पोरांना विचारायचीही गरज पडली नाही. पप्पू ढोल उन्हात ठेवायलाच निघाला होता. रविवारी आम्ही फुकट वाजवणार. तुझ्याकडं कुणी रोज मागणार नाही, लेकीच्या लग्नात घरचा बँड रोज घेत नसतो, हे आम्हाला तुझ्याकडून शिकायचं नाही.

पण माइक माझ्या हातात असेल. आणि पहिली पुकार वधूपित्याची असते, हाही आपलाच रिवाज. साक्षीचे सासरे परभणीचे, शिकलेले लोक. विहारासमोर सगळे उभे असतील, बाया वळतील, पप्पू दणका देईल, आणि मी म्हणेन, 'नवकिरणचे मालक, वधूपिता सिद्धोधन यांच्याकडून वाजवणाऱ्यांना, या हंगामाची सगळी ओवाळणी!' आकडाही सांगेन. डब्यानं सांगितलेले आकडे आम्हा सगळ्यांना पाठ आहेत, चार भोंग्यांतून शिकवलेत तू. मग तुझा हात खिशाकडं जातो की पाठीमागं, ते सगळी परभणी बघेल. मला हे करायचं नाही. साक्षीची मान खाली जाईल, या विचारानं कालपासून मला जेवण गेलेलं नाही. म्हणून हे पत्र. शनिवारी संध्याकाळी ये. गाडीच्या आडोशाला ढोल आडवा करून ठेवतो. टोपी तू आण. वाटे सारखे, तुझाही एक, ट्रम्पेट काढलास तर. आलास तर रविवारी तुझं नाव असं पुकारीन, की आबा जिथं असतील तिथं उठून बसतील. नाही आलास तरी पुकारीन.

आणि तो डबा त्या दिवशी घरी ठेव. साक्षीच्या लग्नात मी बोलणार आहे.

तुझाच, बिनपगारी,
आश्रुबा