तुळईवरचं लिखाण

पप्पा,

पाण्याची टाकी घराच्या मातीच्या माळवदावर चढवू नका. मोबाईल तुमी घरीच विसरलात, म्हणून ही चिठ्ठी शिडीच्या जागी चिकटवायलेय. शिडी माझ्या वर्गातल्या निखतच्या घरी नेऊन ठेवलीय. रागवा, पण मी शाळेतून आल्यावर.

आईच्या खाटेच्या बरोबर वर जी तुळई हाय, तिच्यावरच्या उर्दू अक्षरांना आपण मंत्र समजून दर दसऱ्याला हळदकुंकू लावतो ना? तिचा फोटो मी काल निखतच्या नानांना, तिच्या आईच्या वडलांना, दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मंत्र-बिंत्र काही न्हाई. लिहिलंय, "लाकूड कमी पडलं म्हणून इथं जोड दिला आहे. वर वजन ठेवू नये. करीम सुतार."

निजामाच्या काळातला माणूस, पप्पा. आपण कोण हे त्याला ठाऊक नसताना स्वतःची उणीव आपल्याला सांगून गेला.

ऑपरेशननंतर आईला पाणी उचलू द्यायचं न्हाई, हे मलाबी कळतं. टाकी अंगणातल्या दगडी ओट्यावर बसवा, नळ तिथूनबी चालतो.

आणि यंदा दसऱ्याला तुळईला कुंकू मीच लावणार, करीमचाचांच्या नावाला.

तुमची,
ज्ञानू