माझी बोटं वळली नाहीत

माय, मला जमलं. तुला जमलं नाही ते मला जमलं, म्हणून लिहायला बसले. तुझ्यासारखीच गाठ माझ्याही गळ्याला आली, पेरूएवढी झाली. सेलूहून रेल्वेनं हैदराबादला गेले, तुला नेलं होतं त्याच दवाखान्यात कापून घेतली आणि स्वतःच्या पायानं बोरीला घरी आले. परवा कासार आला. बांगड्या भरताना मी मुद्दाम दोनदा मूठ मिटली, दोनदा उघडली. तो वैतागला, "बाई, हात नीट धरा की." म्हटलं, "धरते. आधी मला डोळे भरून बघू दे."

तुझा हात मला अजून दिसतो. गाठ काढून तिसरा दिवस. सकाळी तू म्हणालीस, "ओठाला मुंग्या यायल्यात गं," आणि मी म्हटलं, पडून राहा. दुपारपर्यंत तुझी बोटं जुळून पुढं आली, अंगठा आत गेला, बांगडी भरताना हात करतात अगदी तसा, आणि तो काही केल्या उघडेना. सोबतच्या आत्यानं "अंगात आलं" म्हणून कुंकू लावलं. डॉक्टर धावत येतो, दुधात पांढरी पावडर कालवतो, पेला तोंडाशी धरतो, आणि तू मान फिरवतेस. गळा बरा होईस्तोवर दूध-दही सोडलं, असं तू देवीला बोलून आली होतीस. जन्मभर शेळ्या राखल्यास, दूध गावाला पाजलंस, आणि स्वतःच्या वेळी म्हणे, "देवीला काय तोंड दाखवू?" सुई टोचली तोवर उशीर झाला होता. चौथ्या दिवशी तू गेलीस. मला अजून राग येतो.

म्हणून या खेपेला मी आधी डॉक्टरला धरलं. "माझी माय कापताना नाही मेली, नंतर मेली. ते कसं टाळता ते सांगा, मग सुरी लावा." तो हसला नाही. म्हणाला, गाठीच्या मागं मसुराच्या दाण्याएवढ्या चार बारक्या गाठी असतात, अंगातला चुना त्या सांभाळतात. त्यांना धक्का बसला की रक्तातला चुना उतरतो. आधी मुंग्या, मग बोटं वळतात. गाठी सावरेपर्यंत वरून चुना देत राहायचं. मी पानाची चंची काढली तशी नर्स ओरडली, "पानातला न्हाई, बाई, दवाखान्यातला!" चिठ्ठी उर्दूत. मला मराठीच जेमतेम येतं. तिच्याकडून तीनदा वाचून घेतली. पावडर रोज तीनदा, वर दूध, मुंगी आली की लगेच सांगायचं.

पण सोबत जाऊबाई होत्या. गाठ काढल्यावर पहिला पेला आला तसा त्यांनी हात आडवा घातला.

"दूध न्हाई प्यायचं. तुझ्या नावानं मी देवीला बोललेय, जखम भरस्तोर दूध-दही बंद."

"तुमी बोलला, तुमीच सोडा."

"लय जीभ चालायली. देवी कोपली म्हंजे?"

"माझ्या मायनं सोडलं होतं. तिचं काय भलं केलं देवीनं?"

आणि घटाघटा प्यायले. गिळताना गळा फाटत होता, तरी प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओठाभोवती मुंगी आली. एका बाजूनं, बारीक. मी पडून राहिले नाही. फुटक्या आवाजात अशी बोंबलले की सगळा वॉर्ड उठून बसला. नर्सनं तपासायला कानापुढं गालावर बोट टकटक मारलं, माझा ओठ उडाला; चुना उतरल्याची ती खूण. डॉक्टरनं हाताच्या शिरेत सुई देऊन दवा सावकाश सोडली, अंगभर ऊब पसरली, चुलीपुढं बसल्यागत. मुंगी गेली. माझी बोटं वळली नाहीत, माय. एकही नाही. मी रात होईस्तोवर त्यांच्याकडं बघत होते.

पावडर पुढं दोन महिने घेतली, एक खेप चुकवली नाही. देवीचंही काही राहिलं नाही. माझी जखम भरस्तोवर जाऊबाईंनी खरंच दूध सोडलं, काळा चहा पिऊन तोंड वाकडं करत. पहिल्यांदा त्यांची माया आली.

हा कागद कुठं धाडायचा? घडी करून पावडरच्या रिकाम्या बाटलीत घालते. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू परत सारलेला पेला मला फेकून दे म्हणालीस ना, मी तो फेकला नव्हता. व्हरांड्यात नेऊन मीच प्यायले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि दूध गोड लागलं.