लाल लोकरीखालचं पिस्तूल

प्रिय आई,

बाबा गेल्यापासून तुला ते घर खायला उठतं आणि मला वायोमिंगमधली ही मोटेलची खोली. बाकी मी मजेत आहे, सूपसुद्धा गरम मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

काल सभेत मी घरातल्या बंदुका कुलपात ठेवा म्हणून सांगत होते, तेव्हा एक शिकारी उठून म्हणाला, "बाई, माझी बंदूक घरात कुणालाच सापडणार नाही." मी विचारलं, "तुम्हाला तरी सापडते का?" सगळे हसले. दोनशे माणसांना पटवून खोलीवर आले, तर हॅटीचं पत्र आलेलं.

तिने चित्रात तुझं घर काढलंय. तू, मांजर, विणकामाची टोपली. टोपलीत लाल लोकरीखाली बाबांचं पिस्तूल. हे तू मलाही सांगितलं नव्हतंस.

मी लगेच फोन केला. पिस्तुलाचं नाव काढताच तू फोन हॅटीकडे दिलास, म्हणून लिहितेय. एकटीला भीती वाटते, कळतं मला. पण माझ्या सहा वर्षांच्या लेकीपासून काही लपत नाही. तिच्यापुढे फक्त कुलूप टिकतं.

पत्र वाचलंस की हॅटी शाळेतून यायच्या आत पिस्तूल रिकामं करून बाबांच्या लोखंडी कपाटात ठेव, आणि किल्ली गळ्यात घाल.

तुम्हा दोघींपासून लांब,
लोरेना